कणी मागितली आणि कणीच मिळाली : लालबागमधील एका तांदळाच्या दुकानाविषयी

लालबागच्या मसाला बाजारात मसाला कुटणाऱ्या डंकांचा धडधडाट मागे पडला आणि तिखटाचा ठसका थोडा विरला, की आतल्या अंगाला तांदळाचे एक जुने दुकान लागते. पाटीवरची अक्षरे उन्हापावसाने पुसली गेली आहेत. माल मोजका येतो आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना तो कमी पडू नये, म्हणून नाव छापू नका, अशी शेठांनी विनंती केली आहे. ती मी पाळते. ज्यांना तिथे जायचे आहे, त्यांनी मसाल्याच्या कोणत्याही दुकानात ‘कणीवाले शेठ’ एवढे विचारले तरी पुरते. दुकानात दहाबारा जातींचे अखंड तांदूळ आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र वाडा कोलम, इंद्रायणी, सुरती कोलम हे तांदूळ मुंबईत इतरत्रही नीट मिळतात. हा अभिप्राय केवळ कणीविषयी, म्हणजे तांदळाच्या तुटलेल्या दाण्याविषयी आहे, कारण या दुकानाचे वेगळेपण त्या एका लहानशा वस्तूत आणि तिच्या नावात आहे.

फेब्रुवारीत माझ्या वडिलांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी पहिले काही दिवस पातळ आहार सांगितला. वडील मूळचे कुडाळकडचे. एरवी आमच्याकडे पेज होते ती उकड्या तांदळाची. पण आजारी माणसाला आजी कणीची पेज देत असे, आणि त्यांनी नेमकी तीच मागितली. घरपोच किराणा देणाऱ्या एका सेवेकडे मी ‘कणी’ असा शब्द घालून मागणी नोंदवली. पहिल्यांदा इडलीचा रवा आला. दुसऱ्यांदा बासमतीचा लांब तुकडा आला, ज्याला व्यापारात दुबार म्हणतात. पैसे परत मिळाले, परंतु सोबत असेही उत्तर आले की या सगळ्या वस्तू ‘ब्रोकन राइस’ याच सदरात मोडतात, त्यामुळे चूक झालेली नाही. त्यांच्या यादीपुरते ते खरे असेल. रव्याची पेज मात्र खळीसारखी झाली आणि दुबारची पाण्याखाली बसलेल्या भातासारखी, आणि वडिलांनी दोन्ही वेळा वाटी तशीच बाजूला ठेवली.

त्यानंतर शेजारच्या काकूंनी या दुकानाची वाट दाखवली. तिथे गेल्यावर मी कणी मागितली, तेव्हा शेठांनी भाव सांगण्याआधी विचारले, “कसली कणी, ताई, आणि कशाला पाहिजे?” या दुकानाचे सगळे मोल मला त्या प्रश्नात दिसते. मी पेजेचे सांगितले. मग त्यांनी विचारले की पेज कोणाला द्यायची आहे, माणसाला चावता येते का, आणि घरात उकड्याची सवय आहे का. हे ऐकून घेतल्यावरच त्यांनी मामांना हाक मारली. मामा हे दुकानातले सर्वांत जुने कामगार, मूळचे संगमेश्वरकडचे. त्यांनी मागच्या ओळीतल्या पिंपातून ओंजळभर कणी काढून सुपात पसरली आणि माझ्यापुढे धरली.

मागच्या भिंतीशी कणीची पाच पिंपे आहेत. पहिल्यात जाडी कणी असते, म्हणजे अर्ध्याहून थोडा लहान दाणा. ती बहुतेक खानावळवाले नेतात. दुसऱ्यात मधली. तिसऱ्यात बारीक, जी बोटांच्या चिमटीत धरता येते, पण रव्यासारखी निसटत नाही. चौथ्यात आंबेमोहोराची निवडक कणी, जिची गोष्ट पुढे सांगते. पाचव्यात चाळणीखाली उरलेला कणीमिश्रित भुगा, जो चिमण्यांसाठी आणि कोंबड्यांसाठी जातो आणि माणसाला कधीही विकला जात नाही. गिरणीतून येणारी कणी मिसळलेली असते. ती इथे तीन चाळण्यांतून पुन्हा चाळली जाते, आणि हे काम मामा स्वतः करतात. मी तीन वेळा गेले. तिन्ही वेळा एकाच पिंपातली कणी एकाच आकाराची होती, आणि हीच गोष्ट स्वयंपाकात सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण लहानमोठी कणी एकत्र शिजवली की बारीक विरघळून जाते आणि जाडी मधे कच्ची राहते.

इथे थोडे शब्दाविषयी लिहिणे भाग आहे, कारण ते लिहिल्याशिवाय या पिंपांचा अर्थ पुरता कळत नाही. मूळ शब्द कण, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. धान्याचा दाणा आणि कोणत्याही पदार्थाचा अगदी लहान अंश, हे दोन्ही अर्थ त्याला प्राचीन काळापासून आहेत. मराठीत नामाला ‘ई’ लागली की वस्तू सहसा लहान होते: गोळ्याची गोळी, सुऱ्याची सुरी. त्या न्यायाने कणी ही कणाहून लहान असायला हवी. प्रत्यक्षात उलटे आहे. कण डोळ्यांना दिसला नाही तरी चालतो. कणीला मात्र आकार असतो, कड असते, ती दाताखाली येते आणि मोजता येते. आणि तिचे अनेकवचन झाले की आणखी एक पायरी चढून ‘कण्या’ हा थेट ताटात वाढायचा पदार्थ होतो. पुल्लिंगी कणात जे हरवून जाते, ते स्त्रीलिंगी कणीत हाती लागते, ही मराठीची स्वतःची कमाई आहे असे मला वाटते. कणीस आणि कणीक हेही त्याच घरातले शब्द: पहिला संस्कृत ‘कणिश’वरून आला, दुसरा ‘कणिका’वरून. म्हणजे दाणे धरलेले शेतातले टोक आणि परातीत भिजवलेला गोळा, दोघांची नावे एकाच लहान दाण्यातून निघाली आहेत.

शेठांच्या घरी गुजराती बोलतात आणि त्यांच्या वहीत या मालाची नोंद ‘कणकी’ अशी आहे. मामा कणी म्हणतात. माझ्यासमोर एक सरदारजी गिऱ्हाईक आले होते, त्यांना कणकी हा शब्द ऐकून वाटले की गव्हाविषयी बोलणे चालले आहे, कारण पंजाबीत कणक म्हणजे गहू. शेठांनी एक मूठ कणी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि विषय मिटला. या शहरात एकच शब्द वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या धान्यांकडे बोट दाखवतो, अशा वेळी जिन्नस समोर धरण्याची ही रीत मला फार योग्य वाटली. पडद्यावरच्या यादीत ती सोय नसते.

कणी म्हणजे उरलेसुरले, असा एक समज आपल्याकडे आहे आणि तो दूर व्हावा असे मला मनापासून वाटते. दाणा मुळात वाईट असतो म्हणून तुटतो असे नाही. कापणीला उशीर झाला, किंवा भात कडक उन्हात घाईने वाळवले, तर दाण्याच्या आत बारीक भेगा पडतात आणि गिरणीत सालपट निघताना तो त्या भेगांवर तुटतो. उकड्या तांदळात कणी कमी निघते याचेही कारण हेच, की उकडताना दाण्यातला स्टार्च फुगून एकसंध होतो आणि भेगा बुजतात. तेव्हा तुटलेला कोलम हा चवीने कोलमच असतो. सरकारी खरेदीत कच्च्या तांदळाला २५ टक्क्यांपर्यंत तुकडा चालत आलेला आहे, म्हणजे रेशनच्या पिशवीतून आपण पिढ्यान्‌पिढ्या कणी खात आलो आहोत, फक्त तिचे नाव न घेता. पशुखाद्य, मद्य, इथेनॉल अशा अनेक उद्योगांना हाच माल लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने तुकडा तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा ज्याला आपण उरलेसुरले म्हणतो त्यावर किती जणांची नजर असते हे दिसून आले. शेठांच्या दुकानात साध्या कोलमची कणी अखंड कोलमच्या जवळपास निम्म्या भावात मिळते. आंबेमोहोराची कणी तितकी स्वस्त नाही, आणि ती तशी नसावी हेही रास्त आहे.

आता प्रत्यक्ष अनुभव. वडिलांसाठी नेलेली बारीक कणी मी एका वाटीला आठ वाट्या पाणी या प्रमाणात, मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून शिजवली. वीस मिनिटांत पेज मिळून आली. अख्ख्या तांदळाला याच्या दुप्पट वेळ लागतो आणि तरीही पाणी वेगळे राहते. कणीच्या तुटलेल्या कडांतून स्टार्च लवकर बाहेर येतो, म्हणून तिची पेज दाट होते आणि तळाशी मऊ शिते मात्र शिल्लक राहतात. पिताना सहज घशाखाली उतरणारी आणि तरीही थोडी चावता येणारी, अशी ती पेज झाली. वडिलांनी मीठ आणि लिंबाच्या लोणच्याचा खार घालून वाटी संपवली आणि दुसरी मागितली. त्या दिवसापुरता माझा अभिप्राय तिथेच पूर्ण झाला होता.

पुढच्या खेपेला मी मधली कणी आणून घावन केले. रात्रभर भिजवून वाटलेल्या या कणीच्या घावनांना जाळी छान पडली, कडा तुटल्या नाहीत, आणि अखंड तांदूळ वापरण्याचे काही कारण मला उरले नाही. जाड्या कणीचा फोडणीचा भात करून पाहिला. तो गिचका झाला. दोष कणीचा नव्हता. शेठांनी तो प्रकार करू नका असे आधीच सांगितले होते.

त्याच सुमारास मामांनी मला या शब्दाचा स्वयंपाकघरातला अर्थ शिकवला. घरात मी तो ऐकला होता, पण कधी नीट तपासला नव्हता. भात शिजत आला की एक शीत काढून दोन बोटांत दाबायचे; मधोमध पांढरा ठिपका दिसला तर ‘कणी राहिली’. मसालेभाताचे तांदूळ मोकळे हवे असतील तर एका कणीवर आच बंद करायची आणि उरलेले काम वाफेवर सोडायचे. आजाऱ्याच्या भातात मात्र कणी पूर्ण मोडली पाहिजे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती परीक्षा खरे तर या कणीची असते. दाणा बाहेरून तुटला तर जो तुकडा पडतो तो कणी, आणि दाणा आतून शिजायचा राहिला तर जो गाभा उरतो तोही कणीच. तूप नीट कढून थंड झाले की त्यात जे रवाळ दाणे धरतात, त्यांनाही आपण कणी म्हणतो आणि ती असली की तुपाचे कौतुक करतो. भातात कणी हा दोष, तुपात कणी हा गुण.

चौथ्या पिंपावर खडूने ‘हिरकणी’ असे लिहिलेले आहे. आंबेमोहोराची, एकसारखी, जराही भुगा नसलेली ही कणी एक एक किलोच्या कापडी पिशव्यांतून विकली जाते. नाव शेठांच्या वडिलांनी ठेवले. हिरकणी म्हणजे हिऱ्याचा बारीक तुकडा. हिऱ्याच्या व्यापारात कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि सेंट म्हणजे त्याचा शंभरावा भाग, म्हणजे २ मिलिग्रॅम. तांदळाची बारीक कणीदेखील याहून जड भरेल. जुन्या गोष्टींत अब्रू वाचवण्यासाठी माणसे हिरकणी खाऊन जीव देत. त्याच शब्दाला रायगडाने दुसरा अर्थ दिला: गडाचे दरवाजे बंद झाल्यावर, कोजागरीच्या रात्री, तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून गेलेली हिरा गवळण, आणि तिच्या नावाने उभा असलेला हिरकणी बुरूज. पुढे एसटीने आपल्या निमआराम गाडीला ते नाव दिले, आणि आता स्थानकांत व कार्यालयांत आईला बाळाला निवांत दूध पाजता यावे म्हणून जी खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. जीव घेणाऱ्या तुकड्यापासून दूध पाजणाऱ्या खोलीपर्यंत गेलेला असा दुसरा शब्द मला आठवत नाही. शेठांच्या पिंपाला तो शोभतो याचे कारण असे, की ही कणी मुख्यतः सहासात महिन्यांच्या बाळांच्या आया नेतात. बाळाच्या पहिल्या मऊ भाताला आणि पेजेला आंबेमोहोर देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मी ती पिशवी भाचीच्या मुलासाठी नेली. उघडताच आंब्याच्या मोहोराचा जो वास यायला हवा तो आला, आणि पाण्यात घातल्यावर पाणी गढूळ झाले नाही, यावरून चाळणी किती काळजीपूर्वक फिरली असेल ते कळते.

तांदळाखेरीज इथे ज्वारीच्या आणि मक्याच्या कण्याही मिळतात. त्या चाळून निघत नाहीत, मुद्दाम भरड दळल्या जातात. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या म्हणजे घाटावरच्या आणि विदर्भातल्या कितीतरी घरांतले रोजचे अन्न होते. श्रीकृष्णाने राजवाड्यातली पक्वान्ने सोडून विदुराघरी खाल्ल्या त्या कण्याच, असे आपली परंपरा सांगते. इथल्या ज्वारीच्या कण्या चांगल्या आहेत, पण दळण थोडे असमान असते. तांदळाच्या कणीला जी शिस्त आहे ती यांना नाही. त्या घ्यायच्या असतील तर घरी एकदा चाळून घ्याव्यात.

सकाळी अकराच्या सुमारास छपराच्या पत्र्यातल्या फटीतून उन्हाची एक तिरीप पिंपांवर येते आणि चाळणीतून उडालेली तांदळाची पूड तिच्यात तरंगताना दिसते. न्याय-वैशेषिक परंपरेत कवडशात दिसणारी अशी धूळ, त्रसरेणू, हेच डोळ्यांना दिसणारे सर्वांत लहान मान समजले आहे; त्याच्याही आत परमाणू मानले आहेत, आणि वैशेषिक मताच्या प्रवर्तकाचे नाव कणाद, म्हणजे कण खाणारा. शेतात सांडलेले दाणे वेचून तो राहत असे, अशी कथा आहे. दाणा आणि परमाणू यांच्यासाठी एकच शब्द पुरला, हे त्या तिरिपीखाली उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा जाणवले. आज त्याच शब्दाने आपण मूलकण म्हणतो आणि मुंबईच्या हवेतले धूलिकणही मोजतो, ज्यांतले २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक असलेले कण थेट फुप्फुसात उतरतात. तो कण चाळणीत येत नाही. म्हणून कामगारांना नाकातोंडाला लावायला चांगली मुखपट्टी देणे शेठांच्या हाती आहे, आणि मामांच्या नाकावर ती मला एकदाही दिसली नाही. ही माझी या दुकानाविषयीची पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार आहे. मी ती त्यांना समक्ष सांगितली आहे.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, तरी सांगितल्या पाहिजेत. मार्चमध्ये नेलेल्या दोन किलो मधल्या कणीत मला तीन खडे मिळाले. कणीच्या आकाराचा पांढरा खडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती पाण्यात घोळून, वरची वर काढून घ्यावी. पिशवीवर तारीख नसते. कणीच्या तुटलेल्या कडांना कोंड्याचा अंश चिकटून राहतो आणि त्यातल्या तेलामुळे ती अखंड तांदळापेक्षा लवकर खवट होते, तेव्हा गिरणीतून माल कधी आला हे लिहायलाच हवे. पावसाळ्यात तर महिन्याभराच्या वर साठवू नये. बिलावर सगळ्या प्रकारांपुढे नुसते ‘तांदूळ’ लिहितात. जे दुकान तोंडाने इतका काटेकोर भेद करते, त्याने तो कागदावरही करावा. दीड ते चार दुकान बंद असते. एक किलोच्या खाली माल देत नाहीत, आणि घरपोच देत नाहीत.

करी रोड किंवा चिंचपोकळी, दोन्ही स्थानकांवरून चालत जाता येते. आपली पिशवी न्यावी, कारण कापडी पिशवी फक्त हिरकणीबरोबर मिळते. काय करायचे आहे ते आधी सांगावे आणि मगच कणी मागावी. पेजेला बारीक, घावनाला मधली, बाळाला चौथ्या पिंपातली. फणसाच्या सांदणाला कोणती, हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात विचारला, तेव्हा शेठ आणि मामा यांचे एकमत होईना. शेठ बारीक म्हणत होते आणि मामा मधली. शेवटी मामांचे ऐकायचे ठरले, कारण फणस त्यांच्या गावचा. मी तीन किलो सांगून ठेवली आहे, आणि शेठांनी वहीत माझ्या नावापुढे पहिल्यांदाच ‘कणकी’ न लिहिता ‘कणी, सांदणाची’ असे लिहिले आहे.